ओला हौदा

ज्या अपघातात तय्यबची बायको झीना गेली, त्याची बातमी आली तेव्हा तो कॅफेत बसला होता. ट्यूनिसच्या रेडिओवर फुटबॉलचा सामना चालू होता. निवेदक मधेच म्हणाला, "शेतमजूर बायकांना नेणारी एक गाडी ऐन जफाल गावाजवळ उलटली आहे. काही बायका दगावल्या." आणि तो पुन्हा चेंडूकडे वळला.

"कोण बायका? नावं सांगितली का?" तय्यबने विचारलं.

"अरे थांब की, पेनल्टी आहे!" कुणीतरी ओरडलं.

तो धावत दवाखान्यात पोचला, तर दाराशी दगावलेल्या बायकांचे चिखलाने माखलेले रबरी बूट ओळीने ठेवले होते. त्यातला एक जोड त्याने ओळखला.

गावाचा स्वतःचा रेडिओ असावा, ही खटपट झीनाचीच होती. धंद्याचा नाही, नफ्याचा नाही, गावाचा. मजूर बायकांची संस्था तिने काढली, परवान्याच्या अर्जाची कागदपत्रं शाझली मास्तरांकडून लिहून घेतली. अर्जाबरोबर एक नमुना कार्यक्रम द्यावा लागतो. तोही बायकांनी बोलून तयार केला होता. त्यात त्यांनी सांगितलं होतं की पहाटे आम्ही चढण्याआधी ड्रायव्हर गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात बादल्यांनी पाणी ओततो. ओल्यात कुणी बसत नाही. बाया उभ्या राहिल्या की दुप्पट मावतात.

आता एकच कागद राहिला होता, अँटेना जिथे उभारायची त्या जागेच्या मालकाची संमती. गावात उंच इमारत एकच, हाजी अम्मारचा तेलघाणा. मजूर बायकांना नेणाऱ्या गाड्याही हाजीच्याच.

मयताच्या तिसऱ्या दिवशी तय्यबच्या घरी जेवण होतं, त्याला मेंढा हाजीनेच पाठवला. स्वतःही आला, तय्यबशेजारी गालिच्यावर बसला.

"अल्लाह तिच्यावर दया करो. फार गुणी बाई," हाजी म्हणाला. "तिचा रेडिओ झाला पाहिजे. छप्पर माझं घ्या."

शाझली मास्तरांचे डोळे भरून आले. "हाजी, फार उपकार झाले."

"उपकार कसले? जाहिरात घ्यायची तुम्हाला बंदी, नफा करायचा नाही. म्हणजे मला फुकटच द्यायचंय!" हाजी हसला, मग हळू आवाजात म्हणाला, "फक्त त्या नमुना कार्यक्रमातली ती पाण्याची गोष्ट गाळा. बायकांचं बोलणं ते. अहो, घसरल्या तर एकमेकींना धरतात, मैत्री वाढते!"

दोघंतिघं हसलेसुद्धा. मयताच्या घरात!

तय्यब मान खाली घालून म्हणाला, "गाळतो. रेडिओ तर होऊ दे."

तेवढ्यात पाहुण्यांचे हात धुवायला ताऊस मावशी आत आली. ती झीनाची सख्खी मावशी, त्याच गाडीतून वाचलेली. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात पाण्याची झारी. तिने हाजीचा पुढे केलेला हात पाहिला आणि झारी सरळ गालिच्यावर उपडी केली.

"अगं बाई, वेड लागलं का!" सगळे धडपडत उठले. हाजीने अंगावरचा लांब बुर्नूस झगा गुडघ्यापर्यंत उचलून धरला.

"बसा ना हाजी," मावशी म्हणाली. "का उठलात? जेवण उभ्यानेच करणार?"

हाजी ओल्या गालिच्यावरून बाजूला सरकला.

"आम्ही रोज अशाच उभ्या असतो," मावशी म्हणाली. " वळणावर झीना माझ्या खांद्याला धरून उभी होती. खाली बसली असती तर आज घरात असती!" मग ती तय्यबकडे वळली. "पोरा, रेडिओ मिळेल तुला. पण त्यावर लावशील काय? फुटबॉल?"

तय्यबच्या मोज्यांत पाणी झिरपलं होतं. झीनाचे बूट रोज ज्या पाण्यात उभे असत, त्याचा त्याने पहिल्यांदाच विचार केला.

"हाजी," तो म्हणाला, "तुमचं छप्पर नको. मेंढाही घेऊन जा."

"शिजलाय तो!" हाजी गुरकावला.

"मग पातेल्यासकट न्या."

हाजी गेला. त्याच्या मागोमाग निम्मे पाहुणे गेले. त्यांच्या बायका हाजीच्याच गाडीने कामाला जात होत्या.

वाचकहो, आपल्या ताटातला टोमॅटो तोडायला कोण उभ्याने गेलं, हे आपण विचारत नाही. आणि कुणी सांगू लागलं, तर तेवढं वगळून सांग म्हणतो. जाच सांगण्यासाठी जागा हवी, पण ती जाच करणाऱ्याकडून घेतली की आपणही त्याच्याच हौद्यात चढतो. ज्याचं छप्पर, त्याचीच जीभ!

नमुना कार्यक्रमातला एक शब्दही न कापता तय्यबने अर्ज पाठवला. जागेचा कागद नाही म्हणून तो परत आला. मग तय्यबने, बुटकं का होईना पण छप्पर द्या, म्हणून गावात दारोदार विचारलं. लोक चहा देतात, झीनासाठी हळहळतात, छपराचं नाव काढलं की हाजीच्या घाण्याकडे बघतात.

ताऊस मावशीचा हात बरा झाला. घरात दुसरी मिळकत नाही, म्हणून ती पुन्हा हाजीच्याच गाडीने जाते. रेडिओला अजून छप्पर मिळालेलं नाही. हौदा अजून ओलाच असतो.