जुने म्हणजे कुठले

पाच नटांचं चाक कधी ओळीनं आवळत नाहीत. आधी पहिला, मग तिसरा, मग पाचवा, मग दुसरा, शेवटी चौथा. ओळीनं आवळलं तर चाक एका अंगाला कलतं. खालचे आकडे म्हणून असे. घडलं मात्र सगळं याच क्रमानं.

एक

दहाला दहा कमी असताना मास्तरांनी बाकाखाली झाडू घातला आणि झाडूबरोबर एक कापडी पिशवी बाहेर आली. जड होती. मास्तरांनी गाठ सोडली, आत पाहिलं, आणि तिथेच फरशीवर बसकण मारली.

मास्तर कुठल्या शाळेचे मास्तर नव्हते. चाकं बदलायचं त्यांचं दुकान होतं, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ते नटांवर धडा द्यायचे, म्हणून मास्तर. लोक दारातूनच विचारायचे, "काय मास्तर, तास चालू की मधली सुट्टी?" मास्तर रागवायचे नाहीत. तळहातावर दोन नट ठेवायचे.

"हा बघा. बूड गोल. आणि हा निमुळता, शंकूसारखा. आटे तेच, पाना तोच, बैठक मात्र वेगळी. या गाडीच्या कंपनीच्या चाकाचं भोक वाटीसारखं आहे, त्यात गोलच बसतो. बाहेरून घेतलेल्या अलॉय चाकाचं भोक निमुळतं, तिथे शंकू. आता शंकू वाटीत घातला तर टेकतो कुठे? नुसता कडेला, एका रेघेवर. लागतो घट्टच. ताण पुरा झाला की वाजणारा पानाही टक करतो. आणि मग वीस-तीस किलोमीटरवर…"

इथे मास्तर थांबायचे. गिऱ्हाईक आवंढा गिळायचं. मास्तरांना ती जागा फार आवडायची.

पिशवीत गोल बुडाचे नट होते. वीसच्या वीस. ते या वेळी लेकीच्या गाडीच्या चारही चाकांवर असायला हवे होते. आणि लेक दहा मिनिटांपूर्वीच निघाली होती.

तीन

"अगं!"

बायको गल्ल्यावर बसून दुकानाला आलेली पाकिटं फोडत होती. "काय झालं? विंचू चावल्यासारखे काय ओरडताय?"

"सकाळी मी तुला काय म्हटलं होतं? जुने नट दे म्हटलं होतं ना?"

"दिले की. ट्रेमधले."

"ट्रेमधले कसे जुने? ते अलॉयचे! आधीच्या मालकानं मागाहून बसवलेले. जुने म्हणजे कंपनीचे, गाडीबरोबर जन्माला आलेले."

"अहो, गाडीवरून आत्ता उतरले ते जुने. आता चढायचे ते नवे. पंचवीस वर्षं मी असंच म्हणते."

"पंचवीस वर्षं?"

"तुम्ही ऐकता कुठे?" ती म्हणाली, आणि मग तिची नजर पिशवीवर गेली. हातातलं पाकीट अर्धंच फोडलेलं राहिलं.

लेकीनं गाडी जुनी घेतली होती, चकचकीत अलॉयची. महिनाभरात एका अलॉयला तडा गेला. आधीच्या मालकानं कंपनीची चाकं डिकीत घालून दिली होती आणि त्यांचे नट या पिशवीत. आज ती दीडशे किलोमीटरवरच्या गावी नव्या नोकरीवर हजर व्हायला निघाली होती, म्हणून सकाळी घाईनं चाकं बदलली. घाईनं आणि भांडत. "इथे काय कमी आहे तुला?" मास्तर चाकाला विचारत होते, कारण लेकीकडे बघायची हिंमत नव्हती. लेक म्हणत होती, "बाबा, सगळं आहे. म्हणूनच जाते." बायकोनं ट्रे सरकवला. हातांनी वीस नट लावले. तीस वर्षांच्या सवयीचे हात, त्यांना मास्तरांची गरजच पडली नाही. नट आत शिरला की त्याचं बूड दिसत नाही. पाना वीस वेळा टक म्हणाला.

पाच

नऊ बावन्न. फोन लावला. वाजून वाजून थांबला.

नऊ त्रेपन्न. वाजला.

नऊ त्रेपन्न. बायकोनं आपल्या फोनवरून लावला. वाजला. ("माझा तरी उचलेल." नाही उचलला.)

नऊ पंचावन्न. निरोप: थांब. गाडी थांबव. नट चुकीचे. बाबा.

नऊ छप्पन्न. निरोप न वाचलेला.

नऊ छप्पन्न. न वाचलेला.

"गाडी चालवताना ती फोनला हात लावत नाही," बायको म्हणाली. "कोणी शिकवलं?"

मास्तरांनी शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी. चाक फिरत असताना फोन वाजला तर समजायचं दुसऱ्याचा आहे.

दोन

पिकअप बायकोनं चालवली. मास्तर चावी घेऊनच पलीकडच्या सीटवर जाऊन बसले होते. मांडीवर पिशवी होती. खड्ड्यागणिक आतले नट एकमेकांवर आपटत होते.

"निघतं का हो चाक पूर्ण?"

"लगेच नाही."

"म्हणजे निघतं."

"आधी सैल होतं. मग आवाज करतं. मग स्टडवर, म्हणजे नट बसतो त्या दांड्यावर, भार येतो. मग…"

"रोज एवढा तास घेता. आज बोला की."

"आज नको."

डाव्या कडेला एक पांढरी गाडी दिसली. तिची नव्हती. पुढे आणखी एक, चाक काढलेली. मास्तरांचा हात दाराच्या खटक्यावर गेला. पण ती लाल होती, आणि लेकीची गाडी लाल नव्हती हे आठवायलाही त्यांना एवढा वेळ लागला की लाल गाडी मागे पडली.

"पन्नासला थांब म्हणालात ना तिला?" बायकोनं विचारलं.

हे मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचे. चाक बदललं की पन्नास किलोमीटरवर थांबायचं, नट पुन्हा तपासायचे. अनोळखी माणसालाही म्हणायचे. चिडलेल्यालाही. एकदा दुकानाशी भांडून निघालेल्या एका वकिलाच्या मागे धावत जाऊन काचेवर टकटक करून म्हणाले होते.

"नाही म्हणालो."

"मग काय म्हणालात?"

"जा म्हणालो."

बायकोनं पुढचा गिअर टाकला.

चार

एक्केचाळिसाव्या किलोमीटरला ती दिसली. गाडी कडेला, मागचे दिवे लुकलुकत होते. लेक मागच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसली होती. चारही चाकं जागच्या जागी होती. मास्तरांनी ती मोजली. पुन्हा मोजली.

"तुम्ही इकडे कसे?" ती उठली. "मी आत्ता फोन करणारच होते. केव्हापासून टिकटिक येतेय. मला वाटलं टायरमध्ये खडा अडकला, म्हणून मागे एकदा थांबून शोधलाही. काच खाली केली, तर आवाज वेगाबरोबर वाढायला लागला. हे बघा."

तिनं नटाला दोन बोटं लावली. पान्याशिवाय, नुसती बोटं. नट फिरला.

मास्तरांनी पिशवी वर धरली.

लेकीनं आत पाहिलं, मग चाकाकडे, मग आईकडे. नटांमध्येच वाढलेली पोर होती. तिला तास लागला नाही.

"शंकू घातले?"

"जुने म्हटले होते मी," मास्तर म्हणाले.

"जुनेच दिले होते मी," आई म्हणाली.

"कोणाचे जुने?" लेकीनं विचारलं, हसायला गेली, आणि मधेच दाराला धरून उभी राहिली.

जॅक लावला. मास्तरांनी प्रत्येक भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. शंकूनं घासून एक चकचकीत रेघ पडली होती, चर मात्र नव्हता. स्टडचे आटेही शाबूत होते. पहिला गोल नट घेतला आणि तो त्यांच्या हातातून निसटून गाडीखाली गेला. दुसराही. लेक आडवी होऊन दोन्ही घेऊन आली आणि परत द्यायच्या ऐवजी स्वतःच लावायला लागली.

"गोल दे," ती म्हणायची. आई तळहातावर उलटा करून बघायची आणि म्हणायची, "हा गोल." प्रत्येक वेळी. जुना हा शब्द कोणी काढला नाही.

मग टॉर्कचा पाना. तो मास्तरांनी सकाळी रागातच न सांगता तिच्या डिकीत टाकला होता. लेक एक सोडून एक आवळत गेली. टक. टक. मास्तर ओठांत मोजत होते. शेवटचं चाक झालं, तिनं हात पुसले.

"वीस," ती म्हणाली.

"मी एकोणीस मोजले."

"बाबा, वीस झाले."

"अगं, तू सांग. किती?"

"मी कशाला मोजतेय?" बायको म्हणाली. "मी हिच्याकडे बघत होते."

लेकीनं घड्याळ पाहिलं. उशीर तर झालाच होता. पहिल्याच दिवशी. तिच्या तोंडावर आलेलं उत्तर मास्तरांना दिसलं, आणि तिनं ते गिळलेलंही दिसलं. ती वळून पहिल्या चाकाशी गेली आणि गुडघे टेकले.

"पन्नासला थांबशील ना?" मास्तरांनी विचारलं.

"थांबेन. पण मोठ्यानं मोजा. मलाही ऐकू येऊ दे."

टक.

"एक," मास्तर म्हणाले.