एक तारखेचा हीटर

थंडीवर माणसाने मिळवलेला अंतिम विजय बुटांच्या खोक्याएवढा असतो आणि तो ट्रकच्या बॉनेटखाली चार बोल्टांनी बसवलेला असतो, असं गॅरेजचा मेकॅनिक कापितोन स्लेप्त्सोव याचं बावीस वर्षांचं ठाम मत होतं. डिसेंबरच्या नऊ तारखेला सकाळी, उणे एक्कावन्नमध्ये, तो त्या विजयाचं बटण समोर घेऊन बसला होता आणि ते दाबायची त्याला हिंमत होत नव्हती.

"दाब की," ड्रायव्हर स्पिरिदोन बाहेरून म्हणाला. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "मुहूर्त काढायला दिलायस का कुठे?"

"बॅटरीची वायर बघतो जरा."

"तिसऱ्यांदा बघतोयस. महिनाभर तुझ्या चुलीपाशी झोपलीय ती बॅटरी. एवढी ऊब माझ्या बायकोला मिळाली असती तर आज मला कोणी विचारलं तरी असतं."

कापितोन हसला नाही. पन्नास पावलांवर, गावच्या दवाखान्यात, त्याची मुलगी तुयारा पलंगाची कड धरून उभी होती. कळा सुरू झाल्या होत्या, तीन आठवडे लवकर. बाळंतपणासाठी तालुक्याला जायचं तिचं विमानाचं तिकीट बारा तारखेचं होतं, आणि धुक्यामुळे गेले चार दिवस विमानच आलं नव्हतं. नर्स मात्र्योना पहाटे सांगून गेली होती: पाणी गेलंय, मूल आडवं आहे, माझ्या हातात काही नाही, गाडी काढा. तालुक्याचं इस्पितळ गोठलेल्या नदीवरून एकशे चाळीस किलोमीटर. नदीवरचा रस्ता अजून साफ व्हायचा होता. तशा बर्फातून जाईल अशी गाडी खारा-युर्याख गावात एकच, उंच चाकांचा हा ट्रक, पाठीवर पत्र्याची खोली असलेला. बर्फ वितळला की नदीचा रस्ता संपतो, म्हणून तो एप्रिलपासून गॅरेजच्या अंगणात एका जागी उभा होता; आत न्यायला दार बुटकं पडायचं.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. ते हवा दाबून दाबून तापवतं आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटवतं. उणे पन्नासात हवा तापायला तयार नसते, तेल गोठलेल्या चरबीसारखं होतं आणि स्टार्टर एकदा कण्हून गप्प बसतो. म्हणून मोठ्याच्या आधी लहान पेटवायचं. बॉनेटखालचा हा हीटरचा डबा इंजिनाच्याच टाकीतलं डिझेल घोट घोट पितो. छोटा पंप टकटक करतो, आत तार लाल होते, ज्योत धरते आणि इंजिनभोवतीचं न गोठणारं पाणी गरम होऊन फिरू लागतं. सव्वा तासाने इंजिनाला वाटतं की मे महिना आला, आणि ते फसतं.

या डब्याची कापितोन जी सेवा करी ती गावात करमणुकीचा विषय होती. दर महिन्याच्या एक तारखेला तो हीटर दहा मिनिटं लावायचा. हिवाळ्यात याचं कोणाला काही वाटलं नसतं, पण तो जूनमध्ये लावायचा, जुलैमध्येही. डासांचे ढग उठलेले असायचे, माणसं बनियनवर असायची, आणि गॅरेजच्या अंगणात ट्रकखालून गरम धूर निघत असायचा. उन्हाळी उत्सव एक तारखेला आला की सगळं गाव शेजारच्या कुरणात घोडीचं आंबवलेलं दूध पीत बसलेलं असे, तेव्हा स्पिरिदोन हटकून ओरडे, "कापितोनला ऊन पुरत नाही रे! त्याला शेकोटी आणून द्या!" कापितोन मान डोलवायचा आणि घड्याळात दहा मिनिटं भरली का ते बघायचा.

यंदा मे महिन्यात गॅरेजला नवा प्रमुख आला होता. ऐताल पेत्रोविच, वय एकतीस, शहरात शिकलेला, स्वभावाने चांगला. चांगली माणसं आल्याबरोबर काहीतरी सुधारतात. त्याने जूनची एक तारीख पाहिली आणि कापितोनला आत बोलावलं.

"काका, एवढ्या उन्हाळ्यात हीटर का लावता?"

"लावावा लागतो."

"कुठे लिहिलंय तसं?"

ते कुठे लिहिलंय हे कापितोनला पाठ होतं. हीटरबरोबर आलेली माहितीपुस्तिका, पान चौदा, खालून तिसरी ओळ. ती त्याच्या कपाटात, शर्टांच्या खाली होती. "कुठे नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर आदेश लागला: वापरात नसलेल्या वाहनांत इंधन जाळून उन्हाळ्यात उष्णता निर्माण करण्याची प्रथा बंद करण्यात येत आहे, नदीमार्ग अधिकृतपणे खुला होईपर्यंत हीटर चालू करू नये. कापितोनने खाली सही केली. सही केली म्हणजे केली. जुलैत लावला नाही, ऑगस्टात नाही, आणि ऑक्टोबरात नदीच्या कडेला बर्फाची पहिली पापडी धरली तेव्हाही नाही. त्या दिवशी ट्रकजवळून जाताना तो मनाशी म्हणाला होता, "न पेटो. म्हणजे कळेल."

आता ते वाक्य त्याच्या शेजारच्या सीटवर येऊन बसलं होतं.

पुस्तिका दाखवली असती तर आदेश निघालाच नसता. पण मग ऐतालने विचारलं असतं की ही ओळ तुम्ही पहिल्यांदा कधी वाचलीत, आणि त्याचं उत्तर कापितोनने आजवर कोणालाही दिलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी, अशाच डिसेंबरात, त्याची बायको आगाफ्या पोट धरून दवाखान्यात पडली होती. अपेंडिक्स. तुयारा तेव्हा सहा वर्षांची. त्या वेळच्या ट्रकचा हीटर टकटकला, त्याने पांढरा धूर सोडला आणि तो विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. मग इंजिनाखाली पत्र्याची परात सरकवून त्यात लाकडं पेटवली आणि स्पिरिदोन आणि तो चार तास आळीपाळीने जाळ घालत बसले. शेवटी इंजिन लागलं. तेवढ्यात दवाखान्यातून एक जण चालत आला, धावत नाही, चालत, आणि म्हणाला की बंद करा आता.

आठवड्याने कापितोनने पुस्तिका उघडली, आयुष्यात पहिल्यांदा. हीटर महिन्यातून एकदा दहा मिनिटे चालवावा, उन्हाळ्यातसुद्धा. त्याने तो एप्रिलपासून एकदाही चालवला नव्हता. पुढचं काही वाचायची त्याला गरज वाटली नाही.

बर्फावर बूट करकरले. ऐताल पेत्रोविच आला होता, कोटाची बटणं खालीवर लागलेली.

"काका, पेटेल ना? म्हणजे… सहा महिने…"

"तुम्ही आदेश काढा ना साहेब," स्पिरिदोन म्हणाला. "पेट म्हणून. शिक्का मारून आणा, मी चिकटवतो बॉनेटला."

"स्पिरिदोन, गप," कापितोन म्हणाला. त्याने हातमोजा काढला, कारण मोजा घालून बटण कळत नाही, आणि दाबलं.

पंखा घुरघुरला. मग पंप. टक. टक. टक.

धुक्यात बाकी काही आवाज नव्हता. कुत्रीसुद्धा नव्हती. गावातल्या धुराड्यांचा धूर सरळ वर जाऊन तिथेच थांबला होता. श्वास सोडला की तो हवेत गोठताना बारीक सळसळ ऐकू येत होती, ती तिघांची वेगवेगळी. ट्रकखालून पांढरा धूर आला. तो कापितोनला ओळखीचा होता. इथवर तेव्हाही सगळं असंच झालं होतं.

टक. टक.

स्पिरिदोनने टोपी कानावरून वर केली. उणे एक्कावन्नात असं कोणी करत नाही. त्यालाही तो धूर आठवला असावा. त्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

मग डब्यात कुठेतरी खोलवर, किटलीत पाणी उकळू लागावं तसा घुमणारा आवाज सुरू झाला. धूर विरळ झाला, मग दिसेनासा झाला. कापितोनने आणखी तीन मिनिटं बघितलं, उतरला आणि पाण्याच्या नळीवर उघडा तळवा ठेवला. नळी कोमट होत होती.

"पेटला!" ऐताल म्हणाला आणि ट्रकच्या चाकाला टेकला.

"पहिल्या बटणाला!" स्पिरिदोन एकदम मोठ्याने बोलू लागला, भीती ओसरल्यावर माणूस बोलतो तसा. "सहा महिने उपाशी ठेवला तरी रुसला नाही बिचारा! मग तू एवढी वर्षं जुलैत काय शेकत होतास रे?"

कापितोनने हातमोजा चढवला.

सव्वा तासाने इंजिन लागलं. मात्र्योनाने तुयाराला रेनडिअरच्या कातड्यांत गुंडाळून वर चढवलं. कापितोन पायरीवर पाय ठेवणार तोच मात्र्योना म्हणाली, "तू नको. गॅरेजचा बॉयलर कोण बघणार? पाइप गोठून फुटले तर आम्ही परत आल्यावर उभं कुठे राहायचं? आणि बापाचं इथे काय काम आहे?"

तुयाराने काचेवरचा बर्फ नखाने खरवडला. "बाबा, घरात जा! कान जातील तुमचे!"

"तू तुझं बघ," तो म्हणाला. ट्रक काठ उतरून नदीवर गेला, आणि दिवे धुक्यात दिसेनासे झाल्यावरही बराच वेळ आवाज येत राहिला. जिथे ट्रक उभा होता तिथे हीटरच्या धुराने वितळलेली ताटाएवढी काळी जमीन उघडी पडली होती. दुपारपर्यंत तीही पांढरी झाली.

संध्याकाळी पाचला ऐताल ऑफिसातून पळत आला. मुलगी, तीन किलो शंभर ग्रॅम. सिझर करावं लागलं, पण दोघी ठीक. वेळेत पोचले. "बघा काका," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं. "उगाच घाबरलो आपण. काही होत नाही."

"नाही होत," कापितोन म्हणाला.

घरी आल्यावर त्याने चुलीत लाकूड घातलं, चहात दूध ओतलं आणि शर्टांखालून पुस्तिका काढली. पान चौदा. ओळ तिथेच होती. हीटर महिन्यातून एकदा चालवावा. न चालवल्यास काय होईल, ते त्या पानावर नव्हतं. त्याने पान उलटलं. पंधराव्या पानावर हीटर न पेटण्याची अकरा कारणं दिली होती, आणि ते पान नवंकोरं होतं.

बावीस वर्षांपूर्वीचा तो हीटर कापितोनने उघडून पाहिला नव्हता. त्या वसंतात तो ट्रकबरोबर भंगारात गेला.