दिवाळसणाचे टायर

माझ्या भाचीने पहिल्या दिवाळसणाला वडिलांकडे नवऱ्यासाठी टायर मागितले. अंगठी नको, घड्याळ नको, पिकअप ट्रकचे चार टायर, तेही बर्फात चालणारे. आधी आम्ही सगळेच हसलो. सिंगापूरमध्ये बर्फ म्हणजे आइस कचांगच्या, म्हणजे इथल्या सरबत घातलेल्या गोळ्याच्या वाडग्यातला, तो सांडून फार तर शर्ट खराब होतो.

चैत्राली इथे ईस्ट कोस्टलाच वाढली. नोव्हेनाच्या ज्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिथेच ती नर्स होती. जानेवारीत तिचं लग्न झालं आणि ती कॅनडाला, आल्बर्टात गेली. नवरा रुचिर मूळचा पुण्याचा, तिकडे तेलाच्या साइटवर इंजिनिअर. दोन आठवडे साइटवर, दोन आठवडे घरी. साइटवर कंपनीची बस नेते, त्यामुळे त्याचा तो अवाढव्य पिकअप घरी राहतो आणि चैत्राली तो हायवेवरून शेजारच्या गावच्या हॉस्पिटलात नेते. "चालवते मी, धुतो तो," ती फोनवर म्हणाली होती.

मार्चमध्ये तो पिकअप तिच्या हातून घसरला. मागचा हौदा रिकामा, म्हणजे मागची चाकं हलकी. एका वळणावर ट्रक गर्रकन फिरला आणि आलेल्या दिशेला तोंड करून उभा राहिला. समोरून कुणी येत नव्हतं, एवढंच तिचं नशीब. हे तिने माझ्या भावाला आणि मला सांगितलं, रुचिरला नाही. सांगितलं असतं तर तुला चालवताच येत नाही, असं ऐकावं लागलं असतं. थंडीचे वेगळे टायर घेऊ या असं ती दोनदा म्हणाली होती, तेव्हा तो हसून म्हणाला, "मी इतकी वर्षं आहे त्याच टायरवर काढली. तुलाच काय होतं?" त्या घरात ट्रकबद्दल शेवटचा शब्द त्याचाच.

म्हणून तिने ही युक्ती काढली. बायकोने आणलेली वस्तू तो नाकारेल, पण दिवाळसणाला सासऱ्याने दिलेली भेट कोणता जावई परत करतो? पोरगी शाळेपासून इंग्रजीत वाढलेली, निम्मं बोलणं सिंगापुरी 'लाह' लावून संपवणारी, पण आपले रीतिरिवाज तिने बरोबर हेरले होते. निदान मला तरी तसं वाटलं.

दादाला ही कल्पना फार आवडली. श्रीनिवास, माझा मोठा भाऊ, अर्धं आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये काढून आता तांजोंग पगारच्या एका शिपिंग ऑफिसात बसतो. मीही त्याच्याच घरी राहते. तिथे त्याला दुरुस्त करायला काही मिळत नाही, म्हणून चिडचिड करतो. टायर म्हटल्यावर त्याच्या अंगात वारं शिरलं. त्याने कपाटातून इंजिनरूममधली एक जुनी रबरी रिंग काढली आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली, खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी. सकाळी चहाच्या वेळी ती टेबलावर टाकली. टक् असा आवाज आला.

"ऐकलंस?" तो व्हिडिओ कॉलवर चैत्रालीला म्हणाला. "साधं रबर थंडीत दगड होतं. बाल्टिकमध्ये आमचे रबरी होजपाइप असेच कडक होऊन तडकायचे. दगड रस्त्याला धरेल का? आणि हा तर फ्रीझर. तुमच्याकडे हा उबदार दिवस."

पुढे बरेच दिवस घरात दुसरा विषय नव्हता. बर्फाच्या टायरचं रबर वेगळं असतं, ते थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चावतात. टायरच्या कडेला डोंगर आणि आत हिमकण अशी खूण हवी, नुसती M आणि S ही अक्षरं असतील तर त्यावर विसंबायचं नाही. मोठमोठ्या ठोकळ्यांचे टायर चिखलात छान, गुळगुळीत बर्फावर कुचकामी. चारही सारखे घ्यायचे, आणि शक्यतो रुंद नको, अरुंद घ्यायचे म्हणजे ते बर्फ कापून खाली रस्त्याला टेकतात. मधुवंतीवहिनी पोळ्या लाटताना हे सगळं ऐकायची आणि मान डोलवायची.

शेवटी दादाने एक टायर नक्की केला. त्याचं चित्र, डोंगराच्या खुणेसकट, रंगीत छापून आणलं. फोटो चैत्रालीला पाठवला. तिने लिहिलं, "थँक यू बाबा. आता विंटरची भीती नाही वाटत." हे वाक्य दादाने मला वाचून दाखवलं, वहिनीला वाचून दाखवलं आणि मग चष्मा काढून पुसत बसला.

पाडव्याला दोघं आली. रुचिर उंच, देखणा, आणि बोलायला अतिशय गोड. त्याच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघत नाही, हेच त्याचं वाईट. वाकडं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. वहिनीने त्याला तेल लावलं, उटणं लावलं, पाटाभोवती रांगोळी काढली. सिल्कचा कुर्ता घालून तो पाटावर बसला. वहिनीने ओवाळलं आणि दादाने ते छापलेलं चित्र लिफाफ्यात घालून त्याच्या हातात दिलं.

रुचिरने चित्र बघितलं, मग चैत्रालीकडे बघितलं. त्याला लगेच कळलं. तो हसला.

"बाबा, दिवाळसणात चॉइस जावयाचा असतो ना?"

"अर्थात," दादा म्हणाला. "तुमचाच."

"मग हे नकोत. हे लावले तर माझा ट्रक दूधवाल्याचा वाटेल." त्याने फोन काढून दुसरे टायर दाखवले. रुंद, भल्यामोठ्या ठोकळ्यांचे, कडेला पांढरी जाड अक्षरं. "हे बघा. हे घ्यायचे माझ्या कधीचे मनात आहेत."

दादाने चष्मा लावला आणि पाहिलं. मी दादाकडे पाहत होते. त्याला काय दिसतंय ते मला ठाऊक होतं, कारण गेले कित्येक दिवस त्यानेच ते माझ्या डोक्यात भरलं होतं. ठोकळे मोठे. बारीक चिरा नाहीत. डोंगराची खूण नाही.

"बर्फात चालतील?" त्याने विचारलं. आवाज एकदम बारीक.

"मड अँड स्नो लिहिलंय की. M आणि S."

"बाबा," चैत्राली म्हणाली, "टेल हिम लाह. ते फ्रीझरचं सांगा ना."

"चैतू, सणाच्या दिवशी वाद नको," वहिनी म्हणाली.

मला राहवलं नाही. मी उठले, दादाने फ्रीझरमध्ये परत ठेवून दिलेली ती रिंग काढली आणि रुचिरच्या ताटाशेजारी, श्रीखंडाच्या वाटीला लागून टाकली. टक्.

"थंडीत असं होतं रबराचं," मी म्हणाले. "तुमच्या सासऱ्यांनीच दाखवलंय. ट्रक हिला चालवायचाय."

रुचिरने रिंग उचलली, बोटात घालून फिरवली आणि हसत म्हणाला, "आत्या, मला तुमच्या फ्रीझरमध्ये ट्रक नाही चालवायचाय हो."

वहिनी हसली. आणि दादाही हसला. मोठ्याने हसला, मान मागे टाकून, रुचिरच्या खांद्यावर थाप देऊन. चैत्राली वडिलांच्या त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. रिंग हळूहळू मऊ होत पाटाशेजारी पडून होती.

स्वयंपाकघरात मी दादाला गाठलं. "तुला माहीत आहे ते टायर कसले आहेत."

"हळू बोल."

"माहीत आहे की नाही?"

"रश्मी, दिवाळसण त्याचा आहे. मी अडवलं तर उद्या तिकडे जाऊन तिला ऐकवेल, तुझ्या बापाने साधी हौस पुरवली नाही म्हणून. आयुष्यभर ऐकवेल."

"ऐकवू दे. ऐकून कुणाचं हाड मोडत नाही."

त्याने पुऱ्यांची परात उचलली. दारातून जाताना थांबला आणि म्हणाला, "तुला नाही कळायचं. तुला कुठे कधी जावयाची मर्जी सांभाळायची होती." माझं लग्न झालं नाही, हे इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा माझ्या तोंडावर काढलं. मग बाहेर गेला आणि जावयाला आग्रह करकरून पुऱ्या वाढू लागला. त्या क्षणी माझा सख्खा भाऊ मला नकोसा झाला. अजून झालेला आहे.

दुपारी सासरे-जावई लॅपटॉप घेऊन सोफ्यावर बसले. तिकडच्याच एका दुकानात ऑर्डर द्यायची, म्हणजे ही दोघं पोचेपर्यंत टायर बसवायला तयार. दादाने माप तपासलं, भार किती झेपतो ते तपासलं. जे तपासायला नको होतं ते सगळं तपासलं. पांढरी अक्षरं बाहेरच्या बाजूला येतील ना, हेसुद्धा त्याने दुकानाला लिहून विचारलं.

शेवटचं बटण दाबायच्या वेळी रुचिरने लॅपटॉप चैत्रालीच्या मांडीवर ठेवला. "तू दाब. टायरची आयडिया तुझीच होती ना."

तिने वडिलांकडे पाहिलं. बटणावर बोट ठेवून ती थांबली. दादाने नुसतं नको म्हटलं असतं तरी पुरे होतं. दादा चकलीच्या डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं ते बसवत होता.

तिने बटण दाबलं.

"शाब्बास," रुचिर म्हणाला आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

संध्याकाळी आम्ही दोघी पार्कमधून चालत होतो. समुद्राचा गरम वारा, सायकलींच्या घंटा, साते, म्हणजे मांसाच्या काड्या, भाजल्याच्या धुराचा वास. मी तिला म्हटलं, तिकडे गेल्यावर हौद्यात मागच्या चाकांवर वाळूच्या पिशव्या तरी टाक. ती म्हणाली, "तो काढून ठेवतो आत्या. स्क्रॅच पडतात म्हणतो." घामाने तिचा कुर्ता पाठीला चिकटला होता. बर्फाची गोष्ट तिथे बोलतानासुद्धा खोटी वाटत होती, आणि दादाला बहुतेक याचाच आधार होता.

डिसेंबरमध्ये एका रविवारी सकाळी वहिनी पोहे करत असताना रुचिरचा व्हिडिओ कॉल आला. तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभा होता. केस नीट विंचरलेले, आवाज तसाच गोड. म्हणाला, घाबरू नका, ती शुद्धीवर आहे. चौकात थांबायची पाटी होती, तिथे ट्रक थांबलाच नाही. सरळ घसरत पलीकडच्या चरात जाऊन आडवा झाला. तो साइटवर होता, कळल्यावर आला. त्याने एक्स-रेचा फोटो मला पाठवला होता.

मी बघितला. कमरेचं हाड दोन ठिकाणी, उजवी मांडी. अशी माणसं माझ्याकडे रोज येतात, दोन बाजूंचे बार धरून एकेक पाऊल टाकतात. चालतात पुढे. पण अख्खी शिफ्ट पायांवर उभं राहणारी नर्स पुन्हा वॉर्डात आलेली मी क्वचित पाहिली आहे. हे मी कुणाला सांगितलं नाही. विचारलंही नाही कुणी.

वहिनी पदराने डोळे पुसत होती. पुसता पुसता तिने विचारलं, "तुम्ही जेवलात का हो काही?"

"सँडविच खाल्लं," रुचिर म्हणाला.

दादा फोनसमोर ताठ बसला होता. "तुम्हाला फार मनस्ताप झाला," तो म्हणाला. "ट्रकचंही नुकसान झालं असेल."

"ट्रक होईल दुरुस्त. टायर तर एकदम शाबूत, ओरखडासुद्धा नाही." रुचिर चालता चालता बोलत होता, मागे भिंती सरकत होत्या. "पण ती सारखी टायर टायर करतेय, बाबा. नर्सना सांगतेय, इन्शुरन्सच्या माणसालाही तेच सांगितलं. टायरचा काय दोष? ब्रेक जोरात दाबला हिने. तुम्ही इंजिनिअर आहात. तुम्ही सांगितलेलं ती ऐकेल."

आणि त्याने फोन वळवला.

पलंगावर चैत्राली होती. चेहऱ्याची एक बाजू सुजून काळीनिळी झाली होती. आमच्याकडे बघून ती रडली नाही. तिने फक्त वडिलांना शोधलं, माझ्यावरून, आईवरून नजर नेत, आणि तिथे ती थांबली. पाडव्याला लॅपटॉप मांडीवर घेऊन थांबली होती, तशीच.

"बाबा," ती म्हणाली. "यू टेल हिम."

गॅसवर पोहे करपायला लागले होते. वहिनीने उठून गॅस बंद केला नाही. दादाने घसा खाकरला. मी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला. त्याने पाय बाजूला घेतला.

"चैतू," तो म्हणाला, "बर्फात ब्रेक असा दाबायचा नसतो, बाळ."

ती म्हणाली, "ओके, बाबा." आणि मान भिंतीकडे वळवली, जेवढी वळत होती तेवढी.

"थँक यू बाबा," पडद्याबाहेरून रुचिरचा आवाज आला. "आता तिला बरं वाटेल."

फोन बंद झाला. दादा उठून स्वयंपाकघरात गेला. त्याने फ्रीझर उघडला, नारळाच्या डब्यामागे हात घातला आणि ती रिंग बाहेर काढली. पाडव्यानंतर मीच ती पुन्हा तिथे ठेवली होती. क्षणभर हातात धरली, गार लागली म्हणून दुसऱ्या हातात घेतली. मग भिंतीतल्या, कचरा थेट तळमजल्यावर पाडणाऱ्या शूटचं झाकण उघडून आत सोडली.

आम्ही बाराव्या मजल्यावर राहतो. रिंग भिंतींवर आपटत, टक् टक् करत खाली जात राहिली.

"काय टाकलंत?" वहिनीने विचारलं.

"जुनी रिंग होती," दादा म्हणाला. "उगाच जागा अडवत होती." त्याने हात धुतले आणि मला म्हणाला की पोहे करपलेत, खिडकी उघड.