ब्रॅकनथॉर्पचं आख्यान

उर्जा इंग्लंडहून परतली ती गुडघ्याला सळ्यांचा पट्टा बांधून आणि तोंडाला कुलूप घालून. डार्मश्टाटच्या घरात दार लोटून पडून राहायची. आईनं जेवायला हाक मारली की आतून एवढंच यायचं, "लास मिश, आई." राहू दे मला.

"अहो, पोरीनं एकदा रडून तरी घ्यावं," विभावरी नवऱ्याला म्हणाली. "काय झालं तेही सांगत नाही. आतल्या आत कुजून हातची जाईल हो."

देवदत्त पेटी पुसत होते. "सगळ्या मंडळाला रडवतेस तू. घरातली एक जमत नाही होय?"

टोमणाच तो, पण विभावरीच्या मनात घर करून बसला. फ्रँकफर्टच्या मराठी मंडळात तिचं कीर्तन होतं. उत्तररंगाला यंदा पुराणातली कथा नको, तिनं ठरवलं. लेकीच्या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचीच सांगायची, ब्रॅकनथॉर्पची. ऐकून तरी पोर बोलेल.

देवदत्तांनी लेकीला कसंबसं सोबत आणून मागच्या खुर्चीवर बसवलं. विभावरीच्या गळ्यात हार पडला, बुक्का लागला, झांजा वाजल्या.

"ऐका हो! पहिल्या महायुद्धात पुरुष गेले लढाईवर आणि ब्रॅकनथॉर्पच्या पोरी गेल्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात. जेवणाच्या सुट्टीत आवारात चेंडू लाथाडायच्या. त्यातून संघ झाला, आणि गर्दी अशी लोटली की पुरुषांच्या पोटात दुखलं! एकोणीसशे एकवीस साली वरून हुकूम: हा खेळ बायकांना शोभत नाही, आमच्या मैदानांवर पाऊल ठेवायचं नाही. हसू नका, पुढे इथे जर्मनीतही तेच झालं. मग पोरी थांबल्या? छे! मेंढ्यांच्या कुरणात गेल्या. मेंढ्या हाकला, लेंड्या उचला, वाजवा शिट्टी!"

सभा हसली. बंदी उठली तेव्हा पहिल्या पोरींच्या नाती खेळत होत्या, हेही विभावरीनं सांगितलं. मग पुरुषांच्या मोठ्या क्लबनं त्यांना पंखाखाली घेतलं. जर्सी आली, पगार आला, आणि गोलमध्ये डार्मश्टाटची उर्जा उभी राहिली.

पुढचं तिला बातम्यांतून ठाऊक होतं. या उन्हाळ्यात पुरुषांचा संघ खालच्या श्रेणीत घसरला, पैसा आटला आणि पहिली कुऱ्हाड बायकांच्या संघावर पडली. पण आख्यानाचा शेवट गोडच करायचा, ही तिच्या गुरूंची शिस्त. ताटात निरांजन लागलेलं. जीभ आपसूक वळली.

"पण देव भक्ताला टाकत नाही! पोरी पुन्हा त्याच कुरणात उभ्या राहिल्या, क्लब पुन्हा..."

"श्टिम्ट निश्ट!" मागून आवाज आला. उर्जा कुबडीवर उभी होती. "खोटं आहे हे, आई. कोणी उभं राहिलं नाही."

झांजा थांबल्या. कीर्तनकाराला मध्ये कोणी टोकत नाही. ती जागा नारदाची. तिथे जो उभा राहील, त्याच्या वडीलधारेही पाया पडतात.

विभावरीनं गळ्यातला हार काढला. लेकीपाशी जाऊन तो तिच्या गळ्यात घातला.

"चल. तिथे उभी राहा. तू सांग."

उर्जा अर्धं मराठीत, अर्धं जर्मनमध्ये बोलत राहिली. "आम्ही ट्रेनिंगला गेलो, तर दाराला नवं कुलूप. आमचे बूट कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून बाहेर ठेवलेले, पावसात. सगळे मिसळलेले. आम्ही फुटपाथवर बसून जोड्या लावल्या. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन क्लबच्या खर्चानं होणार होतं. क्लबच उरला नाही, मग ते लांबतच गेलं. आता डॉक्टर म्हणतात, चालशील. खेळणार नाहीस." तिनं आईकडे पाहिलं. "आणि ते कुरण, आई? तिथे पार्किंग आहे."

देवदत्तांनी आरतीचा सूर धरला. कोणाचाच आवाज उठेना. त्यांनी भाता सोडून दिला.

रीत ती रीत. विभावरी लेकीसमोर वाकली.

"आई, नको ना."

तिनं ऐकलं नाही. पावलांवर डोकं ठेवताना कपाळाला पट्ट्याची सळई लागली, थंडगार. आणि मग मानेवर वरून ऊन ऊन थेंब पडले, एकामागून एक.

विभावरी तशीच वाकून राहिली.