बावीस मणी

लेकीला पहिलं स्वतंत्र काम मिळालं होतं, एका दवाखान्याच्या इमारतीचे नकाशे काढायचं. शुक्रवारी द्यायचे होते, आणि घरचा कंप्युटर नकाशा उघडतानाच मान टाकायचा. म्हणून सकाळचा जपाचा नेम आटोपून मी, लेक आणि भावोजी नवा घ्यायला दुकानात गेलो. घेतलेला माल परत होणार नव्हता. जो घेऊ तोच तारणार किंवा बुडवणार.

लेकीनं वहीत दोन रकाने आखले होते. किंमत दोन्हींची जवळपास सारखी. एकाची पेटी काचेची, आत रंगीत दिवे, खेळांसाठीचं मोठं ग्राफिक्स कार्ड. पण रॅम आठ जीबी आणि जुन्या धाटणीची हार्ड डिस्क. दुसरा नुसता काळा ठोकळा. पण रॅम सोळा आणि डिस्क नव्या धाटणीची, एसएसडी. भावोजी पहिल्याच्या केव्हाच प्रेमात पडले होते. फोन कानाला लावून कुणा जाणकार मित्राला ते दिव्यांचे रंग सांगत होते. मला मात्र ठोकळा आवडला. आपलं काम करावं, मिरवू नये, असा दिसत होता तो.

वहीतून निकाल लागेना, तेव्हा लेक म्हणाली, पेन ड्राइव्हवरचा आपलाच नकाशा दोन्हींवर उघडून बघू. वेळ मोजायला तिनं फोन काढला, तर सकाळपासून तुलना करून करून त्याचा जीव गेलेला. भावोजींचा तर कानालाच.

"आई, तू मोज ना. माळ आहे ना पिशवीत?"

एका नामाला एक मणी, असं मोजलं. काचेच्या पेटीला एकवीस मणी लागले. ठोकळ्याला बावीस.

लेकीचा चेहरा उतरला. मग म्हणाली, वेग सारखाच असेल तर काकांना आवडलेला घेऊ, कार्ड तरी मोठं आहे. भावोजी फुलले. विक्रेता बिल करायला बसला.

मी माळेकडे पाहिलं. पहिल्या वेळी एकेक मणी शांतपणे सरकला होता. दुसऱ्या वेळी ठोकळ्यानं जिंकावं म्हणून काळीज असं धडधडलं, की नाम पुरतं व्हायच्या आत मणी पुढे. म्हणजे बावीस मण्यांना वेळ कमीच लागला होता. इतक्या वर्षांचा नेम, आणि एका यंत्रापायी मी देवाला पळायला लावलं. चारचौघांत हे सांगायची लाज वाटली. पण गप्प बसले असते, तर लेकीचा शुक्रवार गेला असता.

"बिल थांबवा," मी म्हणाले. "माझे मणी पळाले. दोन्ही एकदम सुरू करा."

भावोजी फोनमध्ये म्हणाले, "थांब रे, वहिनींची माळ फेरतपासणीला आलीये."

विक्रेत्यानं नकाशा दोन्हींत उतरवला. एका माउसवर लेक, दुसऱ्यावर भावोजी. प्रिंटर बघायला आलेलं जोडपंही जवळ सरकलं. मी माळ पिशवीत ठेवून दिली.

लेकीनं एक-दोन-तीन म्हटलं. दोन्ही पडद्यांवर चक्र फिरू लागलं. आणि ठोकळ्यावर भिंती उमटल्या, मग दारं, खिडक्या, जिना. माउस हलवत लेक त्या जिन्यानं वरच्या मजल्यावर पोचली, तरी काचेच्या पेटीत नुसते दिवेच रंग बदलत होते.

भावोजींनी माउस सोडला. मग फोनमध्ये म्हणाले, "ठोकळाच घेतोय. मी आधीपासून तेच म्हणत होतो."

घरी येताना लेकीनं खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. मी शेजारी बसून ते बावीस मणी पुन्हा मोजायला घेतले, सावकाश. नवव्यावर ती म्हणाली, "आई, आजच सुरू करते," आणि माझी बोटं परत धावली. मी पुन्हा पहिल्या मण्यावर आले.