टिच बटणाचे दात

गोदामाच्या दोन्ही दारांतून माणसं आत रेटत होती. मधोमध फळ्यांचा मंच ठोकला होता आणि त्यावर अंकुरबाबा एका म्हाताऱ्याचा जबडा दोन बोटांनी उघडून चारी बाजूंना दाखवत होता, विकायला काढलेला बैल दाखवावा तसा.

"खालचं शेत रिकामं. एक दात नाही. पण नीट बघा, चार कोंब चमकतायत. माझ्या मंत्राचं बी रुजलंय. आता टाळ्या वाजवा, कोंबांना जोर येऊ दे."

टाळ्यांनी पत्रे थरारले. बाबाने म्हाताऱ्याच्या तोंडावर रुमाल धरला, आत बोटं घातली, डोळे मिटून पुटपुटला. रुमाल निघाला तर खाली दातांची अख्खी रांग. म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर कडक पेरू करकरून खाल्ला.

"ओढून बघा कुणीही."

दोघातिघांनी पुढचा दात चिमटीत धरून ओढला. हलला नाही. एका बाईला रडूच आलं.

पहिल्या रांगेतल्या आत्याबाईला रडू आलं नव्हतं. टाळ्या जरा लवकर थांबल्या होत्या आणि त्या फटीत तिने एक बारीक आवाज पकडला होता. टिच. शिवणाच्या दुकानात चाळीस वर्षं ब्लाउजना टिच बटणं लावणाऱ्या बाईला तो कुणी शिकवायला नको. शिवाय रोज सकाळी मोरीचं दार लावून ती तो आवाज स्वतःच्याच तोंडात ऐकत होती.

शेजारी तिची धाकटी बहीण ओढणीने तोंड झाकून बसली होती. धाकटीचे दोनच दात पडले होते. या बाबाच्या माणसाने 'जुनी खोडं काढल्याशिवाय कोंब फुटत नाही' म्हणत तिचे सहा धडधाकट दात पकडीने उपटले आणि जखमांत राख दाबली. जबड्यात पू झाला. दहा दिवस ती दवाखान्यात तापाने बरळत होती. अजून सगळं पातळ करून प्यायची, आणि वर म्हणायची, "माझीच श्रद्धा कमी पडली, ताई. तुझे आलेच ना परत?"

हे शेवटचं वाक्य आत्याबाईला सुईसारखं रुतून बसलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती सहा महिने लेकीकडे राहून आली ती भरल्या तोंडाने. गल्लीने विचारलं तेव्हा हिने मान ताठ करून सांगितलं, "आले परत. चांगल्या माणसांचे येतात." गल्लीने हसून सोडून दिलं. धाकटीने खरं मानलं.

आत्याबाई उठली आणि मंचावर चढली.

"बाबा, मीही ओढून बघते."

"बघा माई, बघा."

पण तिने दात चिमटीत धरलाच नाही. "आ कर रे," म्हणत तिने दोन्ही अंगठे म्हाताऱ्याच्या गालांत मागपर्यंत घातले, दातांच्या कडेखाली रुतवले आणि वर उचलले. टिच, टिच. अख्खी रांग तिच्या हातात आली.

तिने ती उंच धरून चारी बाजूंना दाखवली.

"पापिणी," बाबा ओरडला, "उगवलेले दात उपटलेस. आज सूर्य मावळायच्या आत तुझे स्वतःचे दात गळून पडतील."

"एवढा वेळ कशाला थांबायचं?"

आत्याबाईने तेच अंगठे आपल्या तोंडात घातले. क्षणभर हात तिथेच राहिले. खाली सगळी गल्ली होती, विहीण होती, तिच्या जिभेला टरकून असलेली निम्मी गिऱ्हाइकं होती. मग तिने धाकटीकडे पाहिलं आणि दात काढून बाबाच्या तळहातावर ठेवले.

"घे. तुझा शाप फळला. आता मंत्र म्हण आणि बसव."

पहिलं हसू मागून कुणाचं तरी फुटलं. मग सगळं गोदाम हसलं. बाबा मागच्या दाराकडे वळला, तर तिथे विहीणच कमरेवर हात ठेवून उभी. "बसा की महाराज. पोलिसांना निरोप गेलाय."

बोळक्या तोंडाने आत्याबाईचे शब्द फसफसत होते, पण एकही वाया गेला नाही.

"कोंब नाहीत हे, स्क्रू आहेत. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी फोटो काढून हाड तपासलं, मग चार स्क्रू जबड्यात बसवले. ते हाडात घट्ट व्हायला चार महिने लागले. खालचं बटण हाडात, वरचं कवळीत. दाबलं की बसतं, पुढून ओढलं तर येत नाही, मागून उचललं की निघतं. या म्हाताऱ्यालाही कुण्या डॉक्टरनेच बसवलेत. टाळ्या त्या आवाजावर पांघरूण घालायला." मग ती बाबाकडे वळली. "आणि माझ्या बहिणीचे सहा दात तू कुठल्या शेतात पेरलेस, ते आता पोलिसांना सांग."

धाकटी मंचाशी आली होती. "ताई, तुझेही खोटेच होते? मग मला का नाही सांगितलंस?"

 आत्याबाईने बाबाच्या हातातले आपले दात परत घेतले, पुसले, पण तोंडात घातले नाहीत.

"लाज वाटली," ती म्हणाली. "त्या लाजेवर याने दुकान थाटलं."

मग ती लोकांकडे वळली. "मोठ्या माणसाचा पडलेला दात परत उगवत नाही. माझा नाही, तुमचा नाही. कुणी उगवला म्हणालं तर तोंड उघडायला लावा आणि मागून उचलून बघा. मी म्हणाले तरी."