बेचाळीस दहा

शिवानीनं पुन्हा कळ दाबली आणि शहाण्णव फायली एकामागोमाग एक पडद्यावर पळू लागल्या. एका फाईलचं एक चित्र, एका चित्रात एक तास. मळवाडीचा नकाशा, मधून गेलेली नदी आणि निळ्या रंगात पाणी. चार दिवसांचा पूर पाऊण मिनिटात. नदी पात्राबाहेर आली, उसात शिरली, वस्तीच्या वाटेवर चढली आणि तेवढ्यात मागं सरली. मग पुन्हा चढली, पुन्हा सरली. तव्यावरच्या चपातीसारखं ते निळं फुगत होतं आणि बसत होतं. मळवाडी तिचंच गाव. शिरोळकडच्या मुलीला पूर काही नवा नसतो, पण असा पूर तिनं जन्मात पाहिला नव्हता.

सकाळचे आठ वाजले होते. चौकशी समितीची सुनावणी अकराला, इथंच, कोल्हापुरातल्या तिच्या कॉलेजच्या सभागृहात होती आणि तिथं ही चित्रफीत दाखवायची होती.

तिनं आधी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. ही सॉफ्टवेअरं कधीकधी फायलींचा क्रम चुकवतात, एकनंतर दोन न घेता दहा घेतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं सगळी नावं तपासली. क्रम बरोबर होता. मग तिनं नकाशाच्या उंच्या तपासल्या, त्याही बरोबर होत्या. म्हणजे खोट आकड्यांतच होती, आणि आकडे इलाही मुजावरचे होते.

हे कळल्यावर तिला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. इलाही हा मळवाडीच्या बंधाऱ्यावर पाणी मोजणारा माणूस. बावीस वर्षं त्यानं दर पावसाळ्यात खांबावरची पातळी वाचली आणि फोनवर कोल्हापूरच्या पूरकक्षाला कळवली. गेल्या वर्षीच्या पुरात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पूरकक्षातल्या संगणकावर पाणी उतरल्याचं दिसलं. तिथल्या साहेबांनी मळवाडीच्या वस्तीसाठी उभे केलेले दोन ट्रॅक्टर पुढच्या गावाला पाठवून दिले. आठ वाजता पाणी वस्तीत शिरलं. धडधाकट माणसं चालत टेकावर गेली. शिवानीची आत्या विठाबाई गुडघ्यांनी अधू होती. ती गेली नाही, ती गेलीच.

इलाही बंधाऱ्यावर गेलाच नसणार, बसल्या जागी आकडे ठोकून दिले असणार, असं शिवानीचे वडील गणपती पहिल्या सुनावणीत सगळ्यांदेखत म्हणाले होते. इलाहीचं काम तेव्हाच गेलं. त्याची वही बंधाऱ्यावरच्या खोलीसकट वाहून गेली होती. त्याच्याकडे पुरावा म्हणून एकच वाक्य होतं, मी बराबर सांगितलं. कुणाला सांगितलं असं विचारलं की तो ध्यानात नाही म्हणायचा आणि टोपी सारखी करायचा. त्याच्यावर गुन्हा नोंदवायचा की नाही, हे आज ठरणार होतं. चित्रफितीचं काम कॉलेजकडे आलं तेव्हा शिवानीनं ते मागून घेतलं होतं आणि महिनाभर ती हात धुऊन त्याच्या मागं लागली होती.

अतुल सर नऊला आले. शिकून झाल्यावर ती कॉलेजच्याच ज्या प्रकल्पावर नोकरीला लागली होती त्याचे प्रमुख, गडबडीचा माणूस. त्यांनी उभ्या उभ्याच चित्रफीत पाहिली आणि ही पाणी मागं सरण्याची भानगड समितीला नको म्हणून सांगितलं. तो तुकडा गुळगुळीत करायचा, सॉफ्टवेअरमध्ये सोय असतेच. खरं पाणी सरळ चढत गेलं, पूरकक्षाच्या तक्त्यात मात्र चुकीचे आकडे आले, एवढं दिसलं की पुरे. तिनं पाच मिनिटांत तशी दुसरी चित्रफीत केली. त्यात नदी शहाण्यासारखी चढत गेली. सर खूश होऊन चहाला गेले.

शिवानीला मात्र चैन पडेना. बसल्या जागी आकडे ठोकणारा माणूस पाणी कशाला उतरवेल? ठोकायचंच तर तो सरळ चढतं ठोकेल. तिनं पहिली चित्रफीत परत लावली आणि पाणी सरलं की थांबवू लागली. किती वेळा सरलं ते मोजलं. आठ वेळा. आणि चार दिवसांत पाणी चढलं होतंही आठच फूट.

तिनं पहिल्या ठिकाणचे आकडे कागदावर एकाखाली एक उतरवले. ३६.९, ३६.१, ३६.११, ३७. दुसऱ्या ठिकाणचे. ३७.९, ३७.१, ३७.११, ३८. मग सवयीनं ते पुटपुटत वाचायला लागली. छत्तीस नऊ, छत्तीस... आणि तिची जीभ आपोआप म्हणाली, दहा. छत्तीस दहा. छत्तीस अकरा. सदतीस.

कोल्हापूरकडं पुराचं पाणी फूट-इंचांत मोजतात. पावसाळ्यात चहाच्या गाड्यावरही तोच हिशेब असतो. फूट आणि इंच हे शब्द कुणी उच्चारत नाही, सगळ्यांनाच ठाऊक असतात. बेचाळीस दहा म्हणजे बेचाळीस फूट दहा इंच. पूरकक्षातल्या पोरापोरींनी फोनवर ऐकलं ते तसंच ठिपका देऊन टाकलं, ४२.१०. संगणकाला त्या शेवटच्या शून्याचं काय? त्यानं ते गाळलं. पडद्यावर राहिलं ४२.१. पाचला बेचाळीस नऊ होतं, सहाला बेचाळीस एक दिसलं. साहेब म्हणाले, आठ इंच उतरलं. संगणकाच्या दशांशांत ४२.११ सुद्धा ४२.९ पेक्षा कमीच, म्हणून दर फुटाला दोन तास नदी अशी खोटीखोटी उतरली होती. एकाखाली एक लिहिलेल्या तक्त्यात ते वर्षभर कुणाला खटकलं नव्हतं.

इलाहीनं एकही आकडा चुकवला नव्हता. इतक्या नेमानं चुकायला माणूस दर तासाला जागेवर हजर असावा लागतो.

शिवानीला आता पुढचं दिसायला लागलं होतं. दर फाईलच्या शेवटी ती भरणाऱ्याचा क्रमांक असे. तिनं पहिल्या दिवसाची फाईल उघडली, क्रमांक तीन. मग पाच. मग दोन. सगळ्यांनी तीच चूक केली होती, सगळी इकडचीच पोरं. तिसऱ्या दिवशीची संध्याकाळी सहाची फाईल तिनं सगळ्यात शेवटी उघडली. क्रमांक सात.

गेल्या वर्षी कॉलेजची वीस मुलं पूरकक्षात मदतीला गेली होती. सात नंबर तिचा होता. सहाचा आकडा टाकून तिची पाळी संपली होती, आणि ती मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन गाढ झोपली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसा महिनाभर ती दुसऱ्याचा गुन्हा शोधत होती.

ती बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर इलाही एकटाच बसला होता, धुतलेला सदरा घालून, अंग चोरून. सुनावणीला तो नेहमीच असा लवकर येई. बाकामागची खिडकी उघडी होती, आतलं बोलणं तिथं ऐकू येत असे. तिला पाहून तो उठला. वर्षभरात ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

“चाचा, त्या दिवशी सहाला फोन कुणी घेतला हुता?”

“पोरगी हुती कोणतरी.”

“आकडा सांगून झाल्यावर तुम्ही तिला काय म्हणालासा?”

इलाही तिच्याकडं न बघता म्हणाला, “म्हनलो, पाणी वाढाय लागलंय पोरी, वस्तीत कोण घरात असंल तर सांगून ठेव.”

हे तिनं ऐकलं होतं. याच आवाजात ऐकलं होतं आणि हो हो म्हणून फोन ठेवला होता.

“आवाज वळखला हुतासा?”

“तवा न्हाई. दुसऱ्या दिवशी विठाबाईला टेकावर आणली, तवा तू रडत हुतीस. तवा वळखला.” मग त्यानं आवाज खाली केला. “सर म्हनत्यात तसं सरळ करून टाक की. मला आता काय फरक पडतोय?”

फरक पडत होता. टोपी सारखी करायला त्याचा हात पुन्हा वर गेला ते तिला दिसत होतं. ती आत गेली. दोन्ही चित्रफिती मशीनमध्ये शेजारीशेजारी होत्या. गुळगुळीत चित्रफीत लावली तर तिचं कुणी नावही घेणार नव्हतं. सात नंबर कोण, हे विचारायचं वर्षभर कुणाला सुचलं नव्हतं आणि आजही सुचलं नसतं. नोकरी राहिली असती, वडिलांची मान ताठ राहिली असती, आणि इलाही तर स्वतःच तसं कर म्हणत होता. तिला भीती वाटत होती, आणि सगळ्यात जास्त भीती वडिलांची वाटत होती.

अकराला सभागृह भरलं. समितीचे अध्यक्ष अमरसिंह म्हणून निवृत्त इंजिनिअर होते, कमी बोलणारे. मागच्या तीन रांगांत वस्तीतली माणसं बसली होती, मधोमध गणपती, पांढऱ्या टोपीत. इलाही पुढं कोपऱ्यात होता, त्याच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. पडदे ओढले गेले.

शिवानीनं पहिली चित्रफीत लावली.

नदी चढली, सरली, चढली, सरली. अतुल सर अर्धवट उठले आणि परत बसले. तिनं चित्र थांबवलं आणि नऊ, दहा, अकरा समजावून सांगितलं. आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आहे असं तिला वाटत होतं. अमरसिंहांनी समोरचा तक्ता ओढला, त्यावरून बोट फिरवलं आणि चष्मा काढला. असल्या आकड्यांत त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

“तिसऱ्या दिवशीचा सहाचा आकडा कुणी भरला होता?” त्यांनी विचारलं.

इलाही ताडकन उभा राहिला. “लई पोरं हुती साहेब. कुणाकुणाचं ध्यानात ठेवनार?”

“मी भरला,” शिवानी म्हणाली. “सात नंबर माझा.”

मागं कुणीतरी खोकलं. गणपती उठले. ते खुर्च्यांमधून वाट काढत पडद्यापाशी आले, तेव्हा ते तिच्या अंगावर येणार असं सगळ्यांनाच वाटलं. तिलाही वाटलं, आणि ती जागची हलली नाही. त्यांनी तिच्याकडं पाहिलंच नाही.

“सहाचं परत दाव,” ते म्हणाले.

तिनं दाखवलं. गणपतींनी पडद्यावर बोट ठेवलं. वस्तीच्या खालच्या टोकाला एक छोटा चौकोन होता.

“हितं विठा. अजून पाणी न्हाई.” त्यांनी बोट काढलं नाही. “दोन तास हुतं.”

मग ते इलाहीकडं वळले. “तुला ठावं हुतं, पोरगी कोण ते?”

इलाहीनं होय म्हणून मान हलवली.

“आनी वर्षभर माझ्या शिव्या खात गप बसलास?”

“तुझी भण गेलीवती, गणपती,” इलाही म्हणाला. “पोरगी तरी ऱ्हाऊ दे म्हनलं.”

गणपती दोन पावलं पुढं गेले आणि इलाहीच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा हात धरून उभे राहिले. बसले नाहीत. अमरसिंहांनी लिहून घेणाऱ्या माणसाला हातानंच थांबवलं.

शिवानी चित्रफीत बंद करायला वळली. पण तिचा हात भलत्याच कळेवर पडला आणि थांबलेलं पाणी पुढं चालू झालं. सात वाजले, आठ वाजले, तो छोटा चौकोन निळा झाला, मग सगळी वस्ती निळी झाली. शहाण्णवावी फाईल आली आणि गेली. तिनंच मशीनला सांगून ठेवलं होतं की संपलं की पुन्हा पहिल्यापासून लावायचं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि पहिला दिवस उजाडला. नदी पात्रात होती, वस्तीतली सगळी घरं कोरडी होती. बंद कर, असं कुणीच म्हणालं नाही.